लेकराला सांगू द्या

एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. माढा तालुक्यातली एखादी वस्ती. दिवेलागणीची वेळ आहे. गुरे परतली आहेत. चूल पेटली आहे. दुसरीत शिकणारे एक पोर शाळेतून घरी आले आहे. रोज ते दारातूनच ओरडत येते. आज मात्र ते गप्प आहे. दप्तर ठेवून ते कोपऱ्यात बसले आहे.

आई विचारते, "काय रे, पायाला काय लागलं?"

"काटा लागला बाभळीचा."

"बघून चालायला काय होतं तुला? जा, पाय धू."

बोलणे संपले. आई भाकरीला लागली.

पण तो काटा नव्हता. वाटेत कुत्रीची पिल्ले होती. पोराने एक पिल्लू उचलले. कुत्री धावून आली आणि तिचा दात पायाला लागला. थोडे रक्त आले. पोराने त्यावर माती चोळली. मग त्याने घरी खरे का सांगितले नाही? कारण बापाने दम दिला होता, "कुत्र्याच्या वाटेला गेलास तर तंगडी मोडीन!"

बापाने हे मायेपोटीच म्हटले होते. पोराला कुत्रे चावू नये, एवढेच त्याच्या मनात होते. पण झाले उलटे. पोर कुत्र्याला भ्याले नाही, ते बापाला भ्याले.

आता पुढचे ऐका. कुत्रे पिसाळलेले असेल तर त्याच्या लाळेतून रोगाचे विष अंगात जाते. वेळेवर लस घेतली तर माणूस वाचतो. पण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ वाचतच नाही. म्हणजे वाचवणारी वेळ पहिलीच असते. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. तिच्यावर चुना, तिखट किंवा हळद लावायची नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे आणि डॉक्टर सांगतील तितकी सर्व इंजेक्शने पुरी करायची. एवढे केले तर पोर सुखरूप राहते. पण हे करणार कोण? ज्याला कळले तो. आणि कळणार कधी? पोराने सांगितले तर.

मुलांना सुरक्षित राहायला शिकवा, दयाळू व्हायला शिकवा, आनंदात राहायला शिकवा, असे हल्ली सगळे सांगतात. ते योग्यच आहे. पण या सगळ्याचा पहिला धडा मुलाचा नाही, तो आपला आहे. मुलाने काहीही सांगितले तरी ते ऐकून घ्यायचे, हा तो धडा.

मार आणि मुकेपणा

कोणी म्हणेल, "आम्ही काय मार खाल्ला नाही? त्यानंच शहाणे झालो."

आम्हीही मार खाल्ला आहे. पण त्याने आपण शहाणे झालो, की मार चुकवायला खोटे बोलायला शिकलो? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. पाटी फुटली तर आपण ती लपवली. विहिरीवर गेलो तर मळ्यात गेलो म्हणून सांगितले. फुटकी पाटी लपली तर फार बिघडत नाही. पण दुखणे लपले, भीती लपली, कोणी केलेली आगळीक लपली, तर घात होतो.

मुलाला वळण लावू नये, असे आम्ही म्हणत नाही. "नाही" म्हणावेच लागते. पण चूक केल्याबद्दल बोलणे वेगळे आणि खरे सांगितल्याबद्दल मारणे वेगळे. पोराने आपण होऊन चूक कबूल केली, की आधी म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस." चुकीचे काय करायचे ते मागाहून पाहा. एवढे एक वाक्य घरात रुळले तरी पोराचे तोंड उघडते.

शाळेतल्या माराबद्दल तर कायदाच आहे. मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे. म्हणून "गुरुजी, पोराला चांगला ठोका, आमची काही तक्रार नाही," असे आता कोणी म्हणू नये. गुरुजींना भिणारे पोर पाढे घडाघडा म्हणेल, पण पोटात दुखते हे त्यांना सांगणार नाही.

परितेवाडीचे गुरुजी

चांगल्या शाळेसाठी पुण्यामुंबईकडे पाहायला नको. आपल्याच माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तेथे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. २००९ साली रणजितसिंह डिसले हे तरुण शिक्षक त्या शाळेत आले. तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आली होती. एका अंगाला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या अंगाला सामानाची खोली होती. पुष्कळ मुले, त्यांत मुली अधिक, शाळेत फारशी येत नव्हती.

डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत काळ्यापांढऱ्या चौकोनी खुणा छापल्या. त्यांना क्यूआर कोड म्हणतात. मोबाईल त्या खुणेवर धरला, की कविता ऐकू येते, गोष्ट ऐकता येते, धडा चित्रात पाहता येतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही अशा खुणा आल्या. शाळेची गोडी लागली, तशी मुले शाळेत येऊ लागली.

त्यांनी आणखी एक काम केले. ज्या देशांचे एकमेकांशी वैर आहे, त्या देशांतली मुले त्यांनी संगणकावरून एकमेकांशी बोलती केली. भारत आणि पाकिस्तान, इराण आणि इराक, इस्राएल आणि पॅलेस्टाईन. ज्याला कधी पाहिले नाही त्याच्याविषयी मनात अढी असते. बोलणे झाले, की तोही आपल्यासारखाच खेळणारा, रुसणारा मुलगा आहे, हे कळते.

३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पुरस्कार दहा लाख डॉलरचा होता, म्हणजे आपले सुमारे सात कोटी रुपये. शेवटच्या दहा शिक्षकांतून त्यांची निवड झाली होती. त्यांनी लगेच सांगितले, की अर्धी रक्कम मी उरलेल्या नऊ जणांना वाटून देणार. ते नऊ जण नऊ देशांतले होते. प्रत्येकाच्या वाट्याला पंचावन्न हजार डॉलर आले.

वाटून खावे, हे आपण मुलांना तोंडाने शंभर वेळा सांगतो. या गुरुजींनी ते एकदा करून दाखवले. मुले सांगण्यापेक्षा पाहण्याने अधिक शिकतात.

माया शिकवावी कशी?

दुसरे उदाहरण थोडे जुने आहे. साने गुरुजींचे नाव आपण ऐकले आहे. ते १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरला शिक्षक होते. 'श्यामची आई' हे त्यांचे पुस्तक. त्यात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडलेली असते. ती तिला डोक्यावर उचलून घेता येत नाही. शिवाशिवीचा तो काळ. जवळ कोणी जात नाही. श्यामची आई श्यामला सांगते, की जा, तिला मोळी उचलून दे. आईने नुसते बोलून दाखवले नाही, पोराला कामाला लावले. म्हणून ते पोराच्या मनात रुतले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात याच साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले. विठ्ठलाचे मंदिर सर्व जातींना खुले व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. पंढरपूर तर आपल्या शेजारचेच. लहानपणी उचलून दिलेली एक मोळी माणसाला कुठवर घेऊन जाते पाहा.

आपल्या पोरांपुढे आज कोणती मोळी आहे?

उजनीचे पाणी आले आणि आपल्याकडे ऊस वाढला. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, नगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोप्या पडतात. टोळीबरोबर लेकरे येतात. चार-सहा महिने ती आपल्या शिवारात राहतात. आपली पोरे त्यांना खेळायला घेतात का? ती शाळेत आली, तर पोषण आहाराच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसतात का? की लांबून चिडवतात?

चिडवणे आपल्याला किरकोळ वाटते. एखाद्या मुलीला 'काळी' म्हणायचे, लंगडणाऱ्याला 'लंगड्या' म्हणायचे, बोबड्याची नक्कल करायची. मोठी माणसेही हसतात. ज्याला चिडवतात ते मूल हसत नाही. ते हळूहळू शाळा चुकवू लागते. तेव्हा आपले पोर कोणाला चिडवत असेल तर त्याला बाजूला घ्या आणि विचारा, "तुला कोणी असं म्हटलं तर कसं वाटेल?" उत्तर येईपर्यंत थांबा. मग त्याला एक काम सांगा, "उद्या त्याला तुमच्या डावात घ्या." उपदेशापेक्षा हे काम मोठे.

आणि आपणही तोंड सांभाळू या. आपण घरात शेजाऱ्याला ज्या नावाने हिणवतो, तेच नाव दुसऱ्या दिवशी शाळेत ऐकू येते.

आपले अंग आपले

आता एक गोष्ट, जी बोलायला जीभ अडते. पण ती बोललीच पाहिजे.

लहान मुलांच्या अंगाशी वाईट चाळे करणारी माणसे असतात. तो कोणी परका, दाढीवाला, पोते घेतलेला असेल, असे आपल्याला वाटते. तसे नसते. बहुतेक वेळा तो ओळखीचाच असतो. शेजारी, नातलग, घरी येणारा-जाणारा, कामावरचा. तो खाऊ देतो, मोबाईल दाखवतो आणि म्हणतो, "हे आपलं गुपित. कुणाला सांगू नको." आणि हे फक्त मुलींच्या बाबतीत होते असेही नाही, मुलग्यांच्या बाबतीतही होते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूर येथे एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. सारे राज्य हादरले. हा प्रकार कळला कसा? लेकरांनी घरी सांगितले, आणि घरच्यांनी ते ऐकून घेतले, म्हणून कळला.

मुलाला हे सोप्या शब्दांत सांगता येते. अंघोळ घालताना सांगा, "चड्डीच्या आतला भाग, छाती आणि ओठ, हे तुझे खासगी. तिथं कुणी हात लावायचा नाही. आईनं अंघोळीला, नाहीतर डॉक्टरांनी आई जवळ असताना, तेवढंच. दुसऱ्या कुणाचं तसलं अंगही तू बघायचं न्हाई की हात लावायचा न्हाई."

मग तीन गोष्टी शिकवा. पहिली, मोठ्याने "नको" म्हण. दुसरी, तिथून पळ. तिसरी, घरी येऊन सांग. आणि चौथी गोष्ट आपण पाळायची. पोराने सांगितले, की विश्वास ठेवा. "तूच कशाला गेलास तिथं?" असे म्हणू नका. "कुणाला बोलू नको, अब्रू जाईल," असेही म्हणू नका. अब्रू जाते ती करणाऱ्याची. लेकराला जवळ घ्या आणि सांगा, "तुझी काही चूक नाही."

अशा गुन्ह्यांसाठी २०१२ साली वेगळा कायदा झाला. त्याला लोक पोक्सो म्हणतात. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो लागू आहे. गुन्हा झाल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. पोलीस ठाण्याची भीती बाळगू नका. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. त्या वेळी अंगावर पोलिसांचा गणवेश असू नये. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचे नाव व फोटो वर्तमानपत्रात छापायला मनाई आहे.

१०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे. दिवसा लागतो, रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. मूल स्वतःसुद्धा तो लावू शकते. पोलीस हवे असतील तर ११२.

पाणी आणि पान

आपल्या शिवारात कालवे आहेत, विहिरी आहेत. २०१६ पासून सरकारी योजनेतून शेततळीही पुष्कळ झाली. शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो निसरडा असतो. आत पडलेल्या पोराला वर चढता येत नाही, पोहता येत असले तरी. म्हणून तळ्याला कुंपण करा. काठावर पक्का दोर बांधून त्याला गाठी मारून आत सोडून ठेवा. आणि पोरांना सांगा, "दोस्त पाण्यात पडला तर मागोमाग उडी मारू नका. ओरडा. दोर, फांदी, ओढणी, जे असेल ते फेका." दोस्ताला वाचवायला जाऊन दोघेही बुडतात. तीही मायाच असते, पण तिला शहाणपणाची जोड हवी.

आता पान लागण्याविषयी. मण्यार रात्री येते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोर म्हणते, "आई, पोटात दुखतंय." आपण म्हणतो, "शाळा चुकवायची असंल!" पण पापण्या जड होत असतील, घास किंवा पाणी गिळवत नसेल, तर एक क्षण घालवू नका. पान लागल्याची नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करा. ही गाडी फुकट येते. हातपाय करकचून बांधू नका, पात्याने कापू नका, भगताकडे नेऊ नका. सापाच्या विषावरचे औषध दवाखान्यातच मिळते. पोरांना खाटेवर निजवा, मच्छरदाणी लावून ती अंथरुणाखाली खोचा.

येथेही पाहा, पहिला उपाय कोणता? पोराचे बोलणे खरे धरणे.

न बोलता सांगितलेले

कधी पोर तोंडाने सांगत नाही, वागण्याने सांगते. अंथरूण कोरडे ठेवणारे मूल पुन्हा ओले करू लागते. जेवत नाही. एखाद्या घरी जायला नको म्हणते. झोपेत दचकते. उगाच चिडते. घरात कोणी वारले असेल, रोज भांडण होत असेल, बाप पिऊन येत असेल, तर ते सारे पोराच्या पोटात साठते. अशा पोराला हिणवू नका, चारचौघांत बोलू नका. रात्री जवळ निजवा. डोक्यावरून हात फिरवा. वाट पाहा. आठ-पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर गुरुजींशी बोला, सरकारी दवाखान्यात दाखवा.

शाळा आपली आहे

प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असतात. निम्म्या जागा बायकांच्या असतात. मग सभेला जा. लिहिता-वाचता येत नाही म्हणून मागे बसू नका. आता तर वाचता येते! तेथे विचारा, आपल्या शाळेत तक्रारपेटी आहे का? ती कोण उघडते? मुलींचे संडास वेगळे आहेत का? त्यांना आतून कडी आहे का? मुलांच्या सुरक्षेसाठी २०२२ साली राज्य सरकारने सखी सावित्री समिती नेमायला सांगितले. आपल्या शाळेत ती आहे का? तिची बैठक होते का? हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे. गुरुजी आणि पालक, दोघांची लेकरे तीच आहेत.

आणि रोज संध्याकाळी एक काम करा. त्याला पैसा लागत नाही. भाकरी होईपर्यंत पोराला जवळ बसवा आणि विचारा, "आज काय चांगलं झालं? आज काय वाईट वाटलं?" एवढेच. मग गप्प राहा आणि ऐका. मध्ये बोलू नका. हसू नका. पहिले चार दिवस पोर म्हणेल, "काही नाही." पाचव्या दिवशी सांगेल.

आता ती पहिली संध्याकाळ पुन्हा आठवा. तीच वस्ती, तेच पोर, तोच पाय.

"काय रे, पायाला काय लागलं?"

"आई, मी पिल्लू उचललं. कुत्री चावली."

आई तवा खाली ठेवते. तिला राग येतो, पण ती तो गिळते. "सांगितलंस ते बरं केलंस. चल आधी पाय धुऊ." मग ती बापाला हाक मारते, "अहो, गाडी काढा, दवाखान्यात जायचंय."

त्या रात्री भाकरी थोडी करपली असेल. करपू द्या.

वाचा आणि बोला

१. मुलाने चूक कबूल केली तर आपल्या घरात पहिले वाक्य कोणते बोलले जाते?

२. कुत्रे चावले तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय करावे?

३. १०९८, ११२ आणि १०८ हे नंबर कशासाठी आहेत? घरात भिंतीवर ते स्वतःच्या हाताने लिहा.

४. ऊसतोडीच्या टोळीतली मुले आपल्या शाळेत येतात का? येत नसतील तर त्यांना कसे आणता येईल?